ते एक मत कोणाचं?

दोह्यात आम्ही राहतो त्या कंपाउंडात निम्मी घरं अमेरिकनांची आहेत. बहुतेक शाळेतले शिक्षक, एकदोन इंजिनिअर. नवऱ्याच्या बांधकाम कंपनीनं आम्हाला तिथं व्हिला दिला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, पण मला पहिले सहा महिने आधीची अल मन्सूरा वस्तीच बरी होती असं वाटायचं. तिथं जिना उतरला की कढीपत्ता, समोर रत्नागिरीच्या मामूंचं किराणा दुकान, आणि भांडायचं म्हटलं तर मराठीत भांडायला माणूस. इथं शेजारी सकाळी हात हलवायचे, संध्याकाळी हात हलवायचे. मधे काही नाही.

ओळख झाली ती शेजारच्या ग्रंथपालबाईंमुळे. माझी मुलगी ज्या शाळेत जाते तिथल्या लायब्ररीत त्या होत्या. पन्नाशीच्या, किरकोळ बांध्याच्या, आणि आवाज असा की पुस्तकं आपोआप सरळ उभी राहावीत. एकदा मी दिवाळीचा चिवडा दिला. डबा रिकामा परत आला आणि सोबत चिवड्यात काय काय आहे याचे अकरा प्रश्न. तेव्हापासून त्या माझ्याकडे रोज येऊ लागल्या. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीतून. पण ज्या हक्कानं त्या माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायच्या ते बघता मराठीत आम्ही एकमेकींना अगं-तूगंच केलं असतं.

महिन्यातून एकदा सगळे अमेरिकन स्विमिंग पूलपाशी जमून जेवायचे. ज्यानं त्यानं घरून काहीतरी करून आणायचं. मलाही बोलावू लागले, त्यात थालीपिठांचा हात होता. त्या जेवणाचा एकच नियम होता: राजकारण बोलायचं नाही. मला हा नियम गमतीचा वाटला. आमच्या तासगावकडच्या गावात चार माणसं जेवायला बसली आणि राजकारण निघालं नाही तर यजमानीणबाईंना वाटेल, भाजीत मीठ कमी पडलं.

मग अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवडणुकीचं वर्ष आलं आणि नियमाला तडे जाऊ लागले. व्यायामशिक्षक आणि त्याची बायको एकाच गाडीतून शाळेत जायचे. तो गाढवाचा, ती हत्तीची. त्यांच्या दोन पक्षांची ही चिन्हं. गाढव हे एका पक्षानं कोणी जबरदस्ती न करता स्वतःसाठी ठेवून घेतलंय, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ बघतच राहिले. आमच्याकडे गाढव चिन्ह मिळालं तर उमेदवार कोर्टात जाईल.

"मग तुम्हा दोघांची मतं एकमेकांना खाऊन टाकतात की," मी व्यायामशिक्षकाला म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला. "तरी दोघांनाही द्यावं लागतं. मी विसरलो तर ती जिंकते."

ग्रंथपालबाई कोणाच्या, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना त्याचं काही नव्हतंच. त्यांचा हट्ट एकच: कंपाउंडातल्या प्रत्येक अमेरिकनानं मत दिलं पाहिजे, कोणालाही द्या. त्यांची मतपत्रिका टपालानं येते, घरबसल्या भरायची आणि परत पाठवायची. आम्हाला मात्र गावच्या शाळेच्या खोलीत प्रत्यक्ष जाऊन बोटाला शाई लावून घ्यावी लागते, म्हणून आम्ही बरीच वर्षं कोरड्या बोटानं फिरतोय. इतकं सोपं असून लोक मत देत नाहीत म्हणून बाई तळमळायच्या. दारोदार फिरून त्यांनी बहुतेकांना तयार केलं. एकजण तेवढा राहिला.

तो म्हणजे कोपऱ्यातल्या व्हिलातले काका. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात ते इंजिनिअर होते, म्हणून आम्ही घरात त्यांना पाणीवाले काका म्हणायचो. साठी ओलांडलेले, पांढरी दाढी, एकटेच राहायचे. आखातात इतकी वर्षं काढली होती की त्यांच्या इंग्रजीत दर तिसऱ्या वाक्याला 'खलास' आणि 'इन्शाल्ला' यायचं. माझ्या ठेच्यावर त्यांचा जीव. हिरव्या मिरचीच्या ठेच्याची वाटी घेऊन ते पावाला जॅमसारखा लावून खायचे, घाम पुसायचे, आणि मला "मॅम" म्हणायचे.

"त्यानं आयुष्यात एकदाच मत दिलंय," बाई माझ्या स्टुलावर बसून म्हणाल्या. "त्यानंतर कधीच नाही. कारण विचारलं तर म्हणतो, खलास. तुझं ऐकेल तो. तू बोल."

"मी? मी कोण? माझा तुमच्या निवडणुकीशी काय संबंध?"

"म्हणूनच. तू कोणाचीच नाहीस."

आता इथं एक सांगायला हवं. माझे वडील ग्रामपंचायतीला उभे राहिले होते तेव्हा मी कॉलेजात होते, आणि तो सगळा प्रचार मी केला होता. घरोघरी चिठ्ठ्या वाटणं, रुसलेल्या भावकीला समजावणं, म्हाताऱ्यांना जीपमधून केंद्रावर आणणं. ती खुमखुमी अंगात होतीच. बाईंनी विचारल्यावर ती उठून बसली.

नवरा म्हणाला, "तुझं स्वतःचं नाव तरी यादीत राहिलंय का बघ आधी."

मी लक्ष दिलं नाही. प्रचाराची आपल्याकडची पहिली पायरी म्हणजे हळदीकुंकू. मी सगळ्या अमेरिकनांना, बायका-पुरुष सगळ्यांना, संध्याकाळी चहाला बोलावलं. कपाळाला लावायचं ते लावलं. व्यायामशिक्षकानं मोठ्या हौसेनं लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तसाच शाळेत गेला. मग वाण. संक्रांतीच्या उरलेल्या स्टीलच्या वाट्या माळ्यावर होत्या, त्या मी एकेकाच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "तेवढं मतदानाचं बघा."

ग्रंथपालबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"हे काय करतेस? मतासाठी वस्तू देणं आमच्याकडे गुन्हा आहे!"

"अगं, आमच्याकडेही आहे," मी म्हटलं. "पण ही वाटी आहे. वाटी म्हणजे वस्तू नव्हे."

"परत घे!"

"वाण परत घेतात का कधी?"

शेवटी बाई बाहेर गेल्या आणि लायब्ररीतल्या आवाजात त्यांनी जाहीर केलं की या वाट्यांचा कोणत्याही मतदानाशी काडीचा संबंध नाही, मत न देणाऱ्यालाही वाटी मिळेल, आणि ज्याला संकोच वाटत असेल त्यानं ती इथंच ठेवावी. कोणी ठेवली नाही. पाणीवाले काका तर हळूच म्हणाले, "मॅम, मत न देणाऱ्याला एक जास्तीची मिळते का?"

म्हणजे हळदीकुंकू फुकट गेलं. माझ्या मुलीनं सगळं दारात उभं राहून बघितलं होतं. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. "आई, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग," एवढं म्हणून ती वर गेली.

दुसरा प्रयत्न मी नाही केला, तो आपोआप घडला. ऑक्टोबरात हवा जरा सुसह्य झाली आणि काकांनी आम्हाला शुक्रवारी मासेमारीला बोलावलं. दर शुक्रवारी ते पार उत्तरेला, अल रुवैसच्या बंदरावर गळ टाकून बसायचे. नवरा मूळचा सोलापूरचा. मासा त्यानं लग्नानंतर पहिल्यांदा जवळून पाहिला. पण गेला हौसेनं. पहिल्याच फेकीत त्यानं गळ स्वतःच्या टोपीत अडकवला, मग टोपी सोडवायला मुलीसोबत गाडीपाशी गेला, आणि धक्क्यावर काका आणि मी दोघंच राहिलो.

समोर लाकडी होड्या डुलत होत्या. पाणी अगदी शांत. मी सरळच विचारलं.

"काका, तुम्ही मत का देत नाही?"

"तिनं पाठवलंय ना तुम्हाला?"

"हो."

ते हसले. मग म्हणाले, "मॅम, तुमच्या गावात किती माणसं?"

"असतील चार हजार."

"शहरच की मग ते. माझ्या गावात मतदार साठ-पासष्ट. एक रस्ता. धान्याचं एक उंच कोठार, एक चर्च, एक पेट्रोल पंप, आणि एक कॉफीचं दुकान, जिथं सगळे रोज सकाळी बसतात. सगळ्या गावाचा पक्ष एक. आजोबांच्या आधीपासून एक. निवडणूक झाली की कुठल्या गावात कोणाला किती मतं पडली ते छापून येतं, आणि आमच्या गावापुढे दुसऱ्या पक्षाच्या खाली नेहमी शून्य. लोकांना त्या शून्याचा अभिमान होता."

"मग?"

"मग मी एकवीस वर्षांचा असताना अध्यक्षांची निवडणूक आली, माझी पहिलीच."

मला कळलं पुढं काय ते.

"पडदा ओढलेला होता. आत मी एकटा. मला दुसरा माणूस बरा वाटला, मी त्याला मत दिलं. मला वाटलं गुप्त मतदान आहे. दुसऱ्या दिवशी आकडा आला: शून्याच्या जागी एक."

काकांनी गळाची दोरी गुंडाळायला घेतली, मासा काही नव्हता, तरी.

"सहा महिने, मॅम. सहा महिने त्या कॉफीच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. ते एक मत कोणाचं? एकेक नाव घ्यायचे आणि खोडायचे. शेवटी गुरांच्या डॉक्टरवर आलं, कारण तो बाहेरून आलेला आणि चष्मा लावायचा. त्याचं तर नावही यादीत नव्हतं, पण त्याला तो मान आवडला असावा, त्यानं नाही म्हटलंच नाही. आणि माझे वडील रोज रात्री जेवताना म्हणायचे, 'जो कोणी असेल तो असो, आपल्या घरातला नाही एवढं नक्की.' मी बटाटे पुढे सरकवायचो. त्यानंतर मी मत दिलं नाही. आपल्या पक्षाला द्यायचं तर मन होत नाही, दुसऱ्याला द्यावं तर सगळे परत शोधायला लागणार. म्हणून खलास."

मला हसू आवरेना. मी तोंडावर ओढणी धरली, तरी ते बाहेर पडलंच. काका बघायला लागले. मला फार ओशाळल्यासारखं झालं, म्हणून मग मी त्यांना आईची गोष्ट सांगितली.

माझ्या आईनं परवानगी दिली म्हणून ती इथंही लिहिते. वडील उभे होते तेव्हा आमच्या वॉर्डात सगळी भावकीच. समोरच्या उमेदवाराचं स्वतःचं मत दुसऱ्या वॉर्डात. मोजणी झाली, वडील निवडून आले, गुलाल उधळला, आणि मग कोणीतरी सांगितलं की आमच्या गल्लीच्या पेटीत समोरच्याला एक मत पडलंय. एकच. वडिलांचा गुलाल तिथंच उतरला. बराच विचार करून त्यांनी ठरवलं की ते शिंप्याचं. त्या दिवसापासून ते कपडे शिवायला तासगावला जातात. शिंप्याला अजून कळलेलं नाही की त्याचं काय चुकलं.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी माहेरी गेले असताना, आई लसूण सोलता सोलता म्हणाली, "ते माझंच हुतं."

"आई!"

"मग? त्यो म्हणला गल्लीत नळ आणतो. तुझं बाबा म्हणलं समाजमंदिर बांधतो. पाणी कोण आणत हुतं? आन समाजमंदिरात मला कोण बसू देनार हाय?"

मी हे सगळं काकांना जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. ते हसले नाहीत. गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "नळ आला?"

"कुठला? बाबा निवडून आले. समाजमंदिर झालं."

"आणि त्यानंतर तुमच्या आईनं मत दिलं?"

"प्रत्येक वेळी. नवीन साडी नेसून जाते. बाबा केंद्राच्या दारात उभे राहून तिला चिन्ह कुठलं ते परत एकदा समजावून सांगतात, ती मान हलवते आणि आत जाते."

तेवढ्यात नवरा टोपी घेऊन परत आला आणि त्यानं पुन्हा गळ फेकला. या वेळी चक्क एक हमूर लागला. नवरा इतका घाबरला की काठी सोडून देणार होता. मासा शेवटी काकांनीच वर घेतला, पण फोटोत नवरा आहे, आणि तो फोटो सोलापूरला जाऊन आलाय.

आठवडाभरानं ग्रंथपालबाई धावत माझ्याकडे आल्या. काकांनी मतपत्रिका मागवली होती. भरून, पाकीट चिकटवून, पाठवूनही दिली होती. "तू त्याला काय सांगितलंस?" त्या विचारत राहिल्या. मी म्हटलं, "आमच्याकडच्या पाणीपुरवठ्याबद्दल बोललो." त्यांनी मला मिठी मारली. कंपाउंडातला एकही अमेरिकन मताशिवाय राहिला नव्हता. पुढच्या जेवणाला त्यांनी केक आणला, आणि आधी सगळ्यांना सांगितलं की या केकचा मतदानाशी काही संबंध नाही.

निकाल लागला. देशाचा निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या दिवशी व्यायामशिक्षक आणि त्याची बायको शाळेत वेगवेगळ्या गाड्यांतून गेले. पण काकांना देशाच्या निकालाचं काही नव्हतं. ते त्यांच्या गावाचा आकडा यायची वाट बघत होते. बऱ्याच दिवसांनी सकाळी ते लॅपटॉप घेऊन आमच्या दारात उभे. मी पोहे करत होते.

"मॅम, आला आकडा."

"एक?"

त्यांनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, पोह्यांच्या कढईशेजारी. गावाचं नाव होतं, त्यापुढे पहिल्या पक्षाची मतं, आणि दुसऱ्याच्या खाली पाच.

"पाच," मी म्हटलं. "काका, पाच!"

मला वाटलं ते आनंदानं नाचतील. त्यांचा चेहरा लाल झाला. "पाच कसे? मी एक. बाकीचे चार कोण?"

"असतील कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे? मी त्या सगळ्यांना ओळखतो! चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई? छे. पेट्रोल पंपवाला? शक्य नाही. त्याच्या बापानं तर..." आणि ते कढईतले पोहे वाटीत घेऊन, त्याच वाणाच्या वाटीत, खात खात एकेक नाव घेऊ लागले आणि खोडू लागले.

पुढचे कितीतरी आठवडे हेच. ठेचा न्यायला आले की एक नवीन संशयित. भाजीबद्दल, हवेबद्दल काहीही बोला, दोन वाक्यांत गाडी गावावर. नवरा म्हणायचा, "अगं, हा आता स्वतःच ते कॉफीचं दुकान झालाय." शेवटी मीच म्हटलं, गावात तुमची बहीण राहते ना, तिला विचारा. त्यांची धाकटी बहीण वडिलांची शेती बघत होती. काका म्हणाले, तिला कसं विचारणार? विचारलं की तिला माझं कळणार.

फोन मग तिचाच आला. काकांनी आम्हाला नंतर जसाच्या तसा ऐकवला. तिनं आधी शेतीचं सांगितलं. मग ती म्हणाली, "गावात सगळे पाच जणांना शोधताहेत." काका म्हणाले, "असं का?" मग बहीण म्हणाली, "तू तिथून मत दिलंस का या वेळी?" काका म्हणाले, "तू कोणाला दिलंस?" आणि मग ती हसायला लागली.

बहीण मत द्यायच्या वयाची झाल्यापासून, म्हणजे काकांनी मत देणं सोडलं त्याच्या पुढच्याच निवडणुकीपासून, दर वेळी दुसऱ्या पक्षालाच मत देत होती. गावाच्या आकड्यात दर वेळी ते एक येत होतं. गावाला वाटायचं, गुरांचा डॉक्टर. काकांनी इतक्या वर्षांत भीतीनं तो आकडा कधी बघितलाच नव्हता. त्यांनी मत देणं थांबवलं हे गावाला कधी कळलंच नाही, कारण त्यांची जागा बहिणीनं रिकामी राहू दिली नव्हती. वडिलांच्या जेवणाच्या टेबलावर, 'आपल्या घरातला नाही' हे ऐकत, काकांच्या मागे बटाटे ती सरकवत होती.

हे सांगताना काकांचा आवाज जरा बदलला. नवऱ्यानं त्यांना पाणी दिलं. ते प्यायले, आणि म्हणाले, "तरी तिघं राहतातच."

उन्हाळ्यात ते गावी गेले. किती वर्षांनी ते त्यांनाच ठाऊक. जाताना ग्रंथपालबाईंनी बजावलं, कोणाला काही सांगू नका, गुप्त म्हणजे गुप्त. मी म्हटलं, सांगून टाका, आता कोणाची भीती आहे?

परत आले ते सरळ आमच्याकडे. बॅगा टॅक्सीतून उतरवून अंगणातच ठेवल्या. मी ठेचा काढला. बाईही आल्या.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं." त्यांनी पावाला ठेचा लावला. "कॉफीच्या दुकानात सगळे होते. बहीण माझ्या शेजारी. तोच विषय चालला होता, पाच जण कोण. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, 'त्यातला एक मी.'"

"मग?"

"सगळे हसायला लागले. इतके हसले, मॅम, की पेट्रोल पंपवाल्याला ठसका लागला. म्हणाले, 'तू? तू तर तिकडे वाळवंटात असतोस! तुझं मत इथं कसं येईल?' मी म्हटलं, टपालानं येतं. ते म्हणाले, 'डॉक्टरला वाचवू नकोस रे, तो वारला आता.' मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर कॉफीवालीनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, 'तुझे वडील असते तर त्यांना हा विनोद फार आवडला असता.'"

"आणि बहीण?"

"ती ॲपल पाय खात होती, मान खाली घालून." काकांनी पावाचा मोठा घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं होतं की काय मला सांगता येणार नाही. "चाळीस वर्षं घाबरलो, मॅम. आणि सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही."

ग्रंथपालबाईंनी स्टूल जरा पुढे ओढलं. "पुढच्या वर्षी तुमच्याकडे शाळेच्या मंडळाची निवडणूक असेल," त्या म्हणाल्या. "तिच्या मतपत्रिकेसाठी नाव नोंदवलंत का?"

"नोंदवलंय," काका म्हणाले. "येतानाच."